सात माणसं, पाणबुडी मोटर आणि जुनी पेट्रोल गाडी

केंदूरच्या घराला गाडी कशाकशाला लागते हे आधी मनाशी पक्कं करावं, मगच बाजारात उतरावं. आजीला शिक्रापूरच्या दवाखान्यात न्यायचं असतं. सोमवती अमावास्येला जेजुरी असते, एकादशीला आळंदी असते. लग्नसराईत तर एका दिवसात तीन गावं होतात. पेंडीची दोन पोती आणायची असतात आणि उन्हाळ्यात हमखास जळणारी बोअरची पाणबुडी मोटर वाइंडिंगला टाकायची असते. ही मोटर पंपासकट चांगली चार-पाच फूट लांब भरते. छोट्या गाडीच्या डिकीत ती मावत नाही, आणि पुढच्या सीटवर बसवून न्यावी तर डॅशबोर्डला ओरखडे पडतात. शिरूर तालुक्याच्या या पश्चिम पट्ट्यात पाण्याची ओढ कायमची आहे, त्यामुळे मोटरची फेरीही कायमची आहे.

म्हणजे घराला एकच गाडी घ्यायची, ती रविवारी सात माणसं नेणारी हवी आणि सोमवारी सीट पाडल्या की लांबलचक सपाट जागा देणारी हवी. युरोपात अशा कामासाठी इस्टेट गाडी असते. तिचं छप्पर थेट मागच्या दारापर्यंत ओढलेलं असतं, डिकी आणि बैठक एकाच पोकळीत असते, उंची मात्र साध्या कारएवढीच. आपल्याकडेही हा प्रयोग झाला. टाटांनी १९९२ साली 'इस्टेट' याच नावाची गाडी काढली. मारुतीनं बलेनोची 'अल्टुरा' आणली. २००४ मध्ये टाटांनी इंडिगोची लांब पाठीची 'मरीना' आणली. तिघींचाही खप बेताचाच राहिला. लोकांना गाडीला मागं डिकीचं ठसठशीत शेपूट हवं होतं, त्याशिवाय ती 'मोठी गाडी' वाटत नव्हती. त्यातच २००६ च्या अर्थसंकल्पात ४ मीटरपेक्षा आखूड आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आलं. तेव्हापासून कंपन्यांनी गाड्या लांब करायच्या सोडून कापायला सुरुवात केली.

इस्टेटची जागा आपल्याकडे सात आसनी गाडीनं घेतली. तिला कागदावर सात सीट असल्या तरी वर्षातले बहुतेक दिवस ती पाच सीटची इस्टेट म्हणूनच वापरावी, असं माझं मत आहे. मारुतीची दुसऱ्या पिढीची अर्टिगा घ्या. तिन्ही रांगा उभ्या असताना मागं २०९ लिटर जागा उरते, म्हणजे दोन बॅगा आणि प्रसादाची पिशवी. तिसरी रांग पाडली की ५५० लिटर होते, आणि दुसरीही पाडली की ८०३. तिसरी रांग मधोमध दुभागलेली असल्यानं एका बाजूला नातू बसू शकतो आणि दुसऱ्या बाजूला मोटर आडवी पडू शकते. पहिल्या पिढीच्या अर्टिगात सगळ्या सीट उभ्या असताना जेमतेम १३५ लिटर जागा होती.

या जागेसाठीच साधी पेट्रोल गाडी घ्यावी, सीएनजीची नाही. अर्टिगाची ६० लिटरची सीएनजी टाकी बसते कुठं, तर तिसऱ्या रांगेच्या मागं, आपल्याला हव्या त्याच जागेत. सीट पाडली तरी टाकी मध्ये आडवी येतेच. रोज चाकणला ये-जा करणाऱ्यानं सीएनजीचा हिशोब जरूर करावा, त्याला तो परवडेल. फक्त टाकीची दर ३ वर्षांची हायड्रो टेस्ट झाली आहे का, तिचा दाखला आहे का, आणि किट कंपनीचं आहे की बाहेरून बसवून आरसीवर चढवलेलं, एवढं पाहावं. आरसीवर न चढवलेलं किट असेल तर तिथूनच परत फिरावं.

आता डिझेलचं. आपल्या भागात मोठी गाडी म्हटली की डिझेल, हे समीकरण सुमो आणि तवेराच्या काळापासून डोक्यात घट्ट बसलं आहे. हिशोब मांडून पाहू. घरची गाडी महिन्याला ८०० किलोमीटर फिरते असं धरा. पेट्रोलवर लिटरला १४ चं अ‍ॅव्हरेज धरलं तर ५७ लिटर लागतात. डिझेलवर १९ धरलं तर ४२. लिटरमागचा दर पेट्रोलला १०४ आणि डिझेलला ९० रुपये धरला तर महिन्याचा फरक २,१०० रुपयांच्या आसपास पडतो. वर्षाचे २५ हजार झाले, आणि ते काही कमी नाहीत. पण जुन्या डिझेल गाडीचा एक टर्बो किंवा इंजेक्टरचा संच हे सगळे पैसे एका झटक्यात परत घेतो. २०२० च्या एप्रिलनंतरच्या बीएस-६ डिझेलला धुरातली काजळी धरणारी जाळी असते. ती साफ राहायला गाडी मधूनमधून हायवेवर सलग पळावी लागते. केंदूर ते पाबळ, पाबळ ते शिक्रापूर अशा तुकड्या-तुकड्यांच्या फेऱ्या तिला मानवत नाहीत. मारुतीनं तर त्याच एप्रिलपासून डिझेल बनवणंच थांबवलं. महिन्याला दीड-दोन हजार किलोमीटर चालवणाऱ्यासाठी हिशोब उलटा होतो, हे मान्य. पण तो भाड्याचा धंदा झाला. हे प्रकरण घरच्या गाडीचं आहे.

गाडी भरवशाची आहे का, हा प्रश्न आपल्याकडे कंपनीच्या नावावरून सोडवला जातो. जपानी म्हणजे चांगली, अमुक म्हणजे पत्रा जाड, तमुक म्हणजे खर्चिक. याला सणसणीत उत्तर आपल्याच तालुक्यात आहे. रांजणगाव एमआयडीसीत फियाटचा कारखाना आहे. २००७ मध्ये टाटा आणि फियाट यांचा भागीदारीचा करार झाला आणि २००९ मध्ये इथून लिनिया आणि ग्रँड पुंटो बाहेर पडल्या. रस्त्यावर चिकटून चालणाऱ्या, दार लावलं की जड आवाज करणाऱ्या या गाड्या. शिरूर तालुक्यातली कितीतरी पोरं त्या असेंब्ली लाइनवर उभी राहिली. आज तोच कारखाना जीप कंपासही बनवतो. पण बीएस-६ येण्याआधीच फियाटच्या नावानं गाड्या विकणं थांबलं, आणि लिनिया पेट्रोल बाजारात कवडीमोलानं मिळू लागली. गाडी तीच, इंजिन तेच, बनली घरापासून तासाभराच्या अंतरावर. तरी एखादा सेन्सर गेला की तो शोधायला पुण्यात नाना पेठेपर्यंत फिरावं लागतं. तळेगावला शेवरोलेचा कारखाना होता. त्या कंपनीनं २०१७ अखेर भारतातली विक्री बंद केली, तेव्हा शेवरोलेवाल्यांचीही गत तीच झाली.

माझ्या लेखी भरवसा म्हणजे गाडी गुरुवारी बंद पडली तर शनिवारच्या लग्नाला ती चालू असणं. त्यासाठी शिक्रापूरच्या चौकातल्या मिस्त्रीनं तसलं इंजिन आधी उघडलेलं असावं लागतं, आणि सुटा भाग त्याच दिवशी वाघोलीहून एसटीनं किंवा कुणाच्या तरी दुचाकीवरून येऊ शकावा लागतो. नाव कितीही मोठं असू द्या, ही अट पुरी होत नसेल तर ती गाडी केंदूरसाठी भरवशाची नाही.

या चाळणीतून काय उरतं ते पाहू. अर्टिगा वरचढ ठरते ती काही असामान्य गाडी आहे म्हणून नाही. ती जिकडेतिकडे आहे म्हणून. एप्रिल २०१२ मध्ये ती आली ती १३७३ सीसीच्या पेट्रोल इंजिनासह. नोव्हेंबर २०१८ मध्ये दुसरी पिढी आली, ती लांब-रुंद आणि १४६२ सीसीची. एप्रिल २०२२ मध्ये इंजिन पुन्हा सुधारलं. टर्बो कोणत्याच पेट्रोल अर्टिगाला नाही, टायमिंग बेल्टऐवजी साखळी आहे, आणि गिअर हातानं टाकायचे घेतले तर बिघडण्यासारखं फारसं काही उरत नाही. २०१८ नंतरच्या पेट्रोल गाडीत सिग्नलला इंजिन आपोआप बंद करून पुन्हा चालू करणारी सौम्य हायब्रिड सोय आहे आणि तिच्यासाठी जास्तीची छोटी लिथियम बॅटरी आहे. चाचणीच्या फेरीत गाडी थांबवून न्यूट्रलला आणून क्लच सोडावा. इंजिन गरम असूनही ते बंद होत नसेल तर कारण विचारावं. बटण दाबून सोय बंद केलेली असू शकते, किंवा बॅटरी थकलेली असू शकते, आणि ती बॅटरी स्वस्त नाही.

रेनोची ट्रायबर ऑगस्ट २०१९ ची. लांबी ३९९० मिलिमीटर, इंजिन ९९९ सीसी, म्हणजे चार मीटरच्या सवलतीत बरोब्बर बसवलेली. तिची मागची रांग उचलून घरी ठेवता येते आणि मग ६२५ लिटर जागा मिळते. इस्टेट म्हणून पाहिलं तर ही कल्पना अर्टिगापेक्षाही सरस आहे. अडचण चढावर येते. तीन सिलिंडरचं ते छोटं इंजिन सात माणसं आणि एसी घेऊन भीमाशंकरच्या वाटेवर दम टाकतं. चौघांच्या घराला मात्र मी ट्रायबर सुचवीन. होंडाची मोबिलिओ २०१४ ते २०१७ एवढीच विकली गेली. १५०० सीसीचं तिचं इंजिन या सगळ्यांत गोड आहे, पण काचा, दिवे, बंपर मिळवताना कस लागतो. डॅटसनची गो प्लस स्वस्त मिळते आणि ती स्वस्तच राहील, कारण एप्रिल २०२२ मध्ये डॅटसननं गाशा गुंडाळला. पेट्रोल इनोव्हा क्वचित हाती लागते. इंजिन अमर म्हणावं असं आहे, फक्त पेट्रोल पिताना ती कुणाचं ऐकत नाही.

ईकोबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण गावात तिचे भक्त पुष्कळ आहेत. इंजिन पुढच्या सीटखाली, जोर मागच्या चाकांना, दारं सरकती. माल वाहायला आणि दुरुस्तीला तिच्यासारखी गाडी नाही. पण २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅपनं एअरबॅग नसलेली ईको आदळवून पाहिली तेव्हा तिला एकही तारा मिळाला नाही. पुणे-नगर रस्त्यावर रात्री ट्रेलरच्या रांगेत घरची माणसं घेऊन जाण्यासाठी मी ती घेणार नाही. अर्टिगाही या बाबतीत फार मिरवावी अशी नाही. २०१९ च्या चाचणीत तिला तीन तारे मिळाले, आणि नियम कडक झाल्यावर २०२४ मध्ये एकच. ट्रायबरला २०२१ मध्ये जुन्या नियमांनुसार चार मिळाले होते. एक व्यवहारी रेघ मात्र ओढता येते. एबीएस ब्रेक आणि चालकाची एअरबॅग २०१९ पासून सक्तीची झाली, तर पुढच्या दोन्ही एअरबॅगा २०२२ च्या सुरुवातीपासून. बजेट ताणता येत असेल तर ते एसी-म्युझिकसाठी न ताणता या रेघेच्या पलीकडची गाडी घेण्यासाठी ताणावं.

मॉडेल ठरलं की अर्धंच काम झालं. एकाच महिन्यात, एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन अर्टिगा आठ वर्षांनी एकमेकींना ओळख देणार नाहीत इतक्या वेगळ्या असतात. त्यामुळे इथून पुढं आपण गाडी निवडत नसतो, तिचा आधीचा मालक निवडत असतो.

नंबर प्लेटपासून सुरुवात करावी. एमएच-१२ आणि एमएच-१४ आपल्या ओळखीचे. एमएच-०१ ते ०४ किंवा एमएच-४३ म्हणजे मुंबई, ठाणे, नवी मुंबई. तिथली गाडी कमी फिरलेली असते, पण खाऱ्या हवेत उभी राहिलेली असते. वरून रंग आरशासारखा आणि खालून सायलेन्सरचे कंस, सस्पेन्शनचे बोल्ट, दाराची खालची कड गंजलेली. एमएच-०९ आणि एमएच-१० म्हणजे कोल्हापूर आणि सांगली. ऑगस्ट २०१९ च्या आधीची नोंदणी असेल तर तेव्हाच्या महापुरात ही गाडी कुठं उभी होती हे विचारावंच. एमएच-०८ असेल आणि गाडी चिपळूणची असेल तर जुलै २०२१ बद्दल विचारावं. पुण्याची गाडी म्हणून निर्धास्त राहू नये. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्यानं सोसायट्यांच्या पार्किंगमधल्या कितीतरी गाड्या बुडवल्या. विमा कंपनीनं मोडीत काढलेल्या अशा गाड्या धुऊन-पुसून पुन्हा रस्त्यावर येतात.

दिल्लीच्या गाड्यांचं प्रकरण निराळं. तिथं २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं १० वर्षांवरचं डिझेल आणि १५ वर्षांवरचं पेट्रोल रस्त्यावर आणायला मनाई केली, आणि एनओसी काढून गाड्या देशभर पांगल्या. किंमत पाहून भुरळ पडते. पण ती इथं नव्यानं नोंदवायची म्हणजे महाराष्ट्राचा कर भरायचा, आणि दिल्लीत भरलेला कर परत मिळवायला तिथल्या कार्यालयाशी झगडायचं. डीलरनं सांगितलेल्या किमतीत हे धरलेलं नसतं.

आपल्या भागाचा खास धोका मात्र पिवळ्या पाटीचा आहे. रांजणगाव, सणसवाडी, चाकणच्या कंपन्यांत कामगार आणि साहेब ने-आण करायला शेकडो गाड्या कंत्राटावर लागतात. तीन पाळ्यांत पळालेली गाडी चार वर्षांत घरच्या गाडीच्या वीस वर्षांइतकी झिजते. मग तिचं परमिट रद्द करून तिला पांढरी पाटी लावली जाते. असं करणं बेकायदा नाही. लपवणं मात्र चूक, आणि लपवलं तर जातंच. नोंदणीचा इतिहास काढून पाहावा, जुन्या विम्याची पॉलिसी मागावी. व्यावसायिक विम्याचा एक कागद सगळं सांगून जातो. कागद मिळत नसेल तर गाडीकडे पाहावं. चालकाच्या सीटची उजवी कड, जिथून माणूस उतरताना घासतो, ती चेपलेली असते. दुसऱ्या रांगेचं सरकतं कुलूप सैल झालेलं असतं. विंडस्क्रीनच्या कोपऱ्यात कंपनीच्या गेट पासचा चिकट चौकोन खरवडूनही दिसतो.

आता गाडी प्रत्यक्ष पाहू. सकाळी जावं, आणि आधी फोनवर सांगावं की इंजिन चालू करून ठेवू नका. पोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवावा. गरम लागला तर चहा घेऊन तासाभरानं परत यावं, कारण थंड इंजिन जे बोलतं ते गरम झाल्यावर बोलत नाही. विक्रेता म्हणेल, "भाऊ, गाडी घरचीच आहे, डोळे झाकून न्या." डोळे उघडे ठेवावेत. बॉनेट उघडून दोन्ही बाजूंच्या मडगार्डचे बोल्ट पाहावेत. कारखान्यात बोल्ट आवळल्यावर रंग बसतो, त्यामुळे बोल्टच्या कडांवरचा रंग अखंड असतो. पाना लागला की कोपऱ्यावरचा रंग उडतो आणि खालचं लोखंड चमकतं. एका बाजूचे बोल्ट शाबूत आणि दुसऱ्या बाजूचे पान्यानं चावलेले असतील तर त्या बाजूनं गाडी ठोकली गेली आहे. हाच नियम दारांच्या बिजागऱ्यांना. मडगार्ड बदललं म्हणून गाडी टाकाऊ होत नाही, पुण्यात राहिलेल्या कुठल्या गाडीला धक्का लागला नाही? पण त्यामागच्या चॅसीच्या लांब पट्टीवर वेल्डिंगची शिवण दिसली, तर बोलणी तिथंच थांबवावीत.

काचांच्या कोपऱ्यावर बनवणाऱ्याचं नाव आणि वर्षाची खूण असते. पाच काचा एका वर्षाच्या आणि एक पुढच्या सालाची, तर त्या बाजूला काय झालं ते विचारावं. टायरवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. बटणं कितीही खोल असली तरी सहा-सात वर्षांचं रबर कडक झालेलं असतं. मीटर ३० हजार दाखवतं आणि चारही टायर गाडीपेक्षा चार वर्षांनी तरुण, हे गणित जुळत नाही.

पुराचं पाणी ओळखायला सीटबेल्ट पुरेसा आहे. तो रिळातून शेवटपर्यंत ओढावा, विशेषतः तिसऱ्या रांगेचा, कारण तो कुणी धुवायच्या भानगडीत पडत नाही. शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातकट रेष दिसली की समजावं. मग सीटखाली हात घालून रुळाचे बोल्ट चाचपावेत, स्टेपनीच्या खळग्यातली चटई उचलावी. गाडीत अत्तराचा घमघमाट असेल तर नाक अधिकच तीक्ष्ण ठेवावं.

पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला, तो हातानं करून शिकण्यासाठी. वेल्डिंग, सुतारकाम, शेती, सगळं पोरांनी स्वतः करून पाहायचं. त्या परिसरातल्या माणसानं तरी गाडी नुसती पाहून घेऊ नये, चाचपून घ्यावी. ऑइल भरण्याचं झाकण उघडून आतून पाहावं. दह्यासारखी पांढरी साय धरली असेल तर ऑइलात पाणी मिसळत असण्याची शंका घ्यावी. पावसाळ्यात फक्त छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीतही थोडा फेस येतो, म्हणून कूलंटची टाकीही बघावी. तिच्यात तेलाचा तवंग दिसला तर शंका उरत नाही. इंजिन सुरू करायला एकाला बसवून आपण सायलेन्सरपाशी उभं राहावं. थंडीत पांढरी वाफ दिसते आणि मिनिटा-दोन मिनिटांत विरते, तिचं भय नाही. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल पितंय. काळा म्हणजे पेट्रोल नीट जळत नाही. चावी फिरवताना एअरबॅगचा दिवा लागून विझायला हवा. तो लागतच नसेल तर काही तरी दडवलं आहे, बहुधा फुटून गेलेली एअरबॅग.

मीटर मागं करणं आता लॅपटॉपवर पाच मिनिटांचं काम झालं आहे, त्यामुळे आकड्याशी भांडण्यात अर्थ नाही. अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या संगणकात प्रत्येक सर्व्हिसला नोंदलेले किलोमीटर असतात. मालकालाच सोबत घेऊन जावं आणि नोंदी पाहाव्यात. २०२१ मध्ये ७२ हजार आणि आज ५५ हजार, असली चमत्कारिक प्रगती तिथं उघडी पडते. मालक सर्व्हिस सेंटरला यायला तयार नसेल तर तेही एक उत्तरच समजावं.

चालवून पाहताना फक्त हायवेवर नेऊ नये. हायवेवर सगळ्याच गाड्या शहाण्या असतात. गावाच्या आतल्या खडबडीत रस्त्यानं खिडक्या खाली करून, रेडिओ बंद करून, सावकाश न्यावी. पुढून खटखट आली तर लिंक रॉड किंवा लोअर आर्मचे बुश, आणि ते काम फार महाग नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवून सावकाश गोल फिरवताना कटकट आवाज आला तर अ‍ॅक्सल. क्लचची परीक्षा चढावर तिसऱ्या गिअरमध्ये करावी. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज वाढला पण गाडीचा वेग वाढला नाही, तर क्लच प्लेट संपत आली. ब्रेक मारताना हात सैल सोडून पाहावं, गाडी एका बाजूला ओढते का ते कळतं. शेवटी तिसऱ्या रांगेत स्वतः बसावं, गुडघे कुठं येतात ते अनुभवावं, आणि मागच्या एसीची हवा तिथवर पोचते का पाहावं. सात सीटची गाडी घेणारे बहुतेक लोक हे करत नाहीत, आणि मग ती सीट कायम मावशीच्या नशिबी येते.

जुन्या पेट्रोल गाडीच्या बाबतीत आता एक नवा प्रश्न आहे, आणि त्याचा उगम आपल्या उसात आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे अ‍ॅव्हरेज घटणं ओघानंच आलं. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच साध्या पेट्रोलसाठी बांधलेल्या चारचाकींत ६ ते ७ टक्के घट अपेक्षित धरली होती. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे भाग या मिश्रणासाठी बनवलेले आहेत. त्याआधीच्या गाडीत पेट्रोलच्या रबरी नळ्या, ओ-रिंग आणि इंधन पंप यांच्याकडे लक्ष ठेवावं. कार्बोरेटरच्या जमान्यातल्या गाडीचा तर घरासाठी विचारच करू नये. महिनोन् महिने उभी राहिलेली गाडी इथं जास्त धोक्याची, कारण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. 'फारशी फिरलेलीच नाही' हे कौतुक ऐकताना एवढं ध्यानात ठेवावं.

भाव ठरवताना सप्टेंबर २०२५ ची तारीख लक्षात ठेवावी. २२ तारखेला जीएसटी बदलला आणि ४ मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या नव्या पेट्रोल गाडीवरचा कर २९ टक्क्यांवरून १८ वर आला. म्हणजे नवी ट्रायबर एकदम स्वस्त झाली. अर्टिगा लांबीनं मोठी, ती ४५ वरून ४० वर आली. जुनी ट्रायबर विकणारा आपण भरलेल्या जुन्या किमतीपासून मोजतो. आपण आजच्या शोरूमच्या किमतीपासून खाली मोजत यावं. २०१२ च्या अर्टिगाला २०२७ मध्ये १५ वर्षं पूर्ण होतात. मग तपासणी, पाच वर्षांपुरती फेरनोंदणी आणि पर्यावरण कर असा खर्च उभा राहतो. त्यामुळे इतकी जुनी गाडी स्वस्त नव्हे, फार स्वस्त मिळाली तरच घ्यावी.

व्यवहाराचा कागद हा शेतकऱ्याला नवा विषय नाही. सातबाऱ्यावरचा बोजा पाहिल्याशिवाय कुणी जमीन घेत नाही, पण तोच माणूस आरसीवरचा बोजा न पाहता गाडीचा इसार देऊन मोकळा होतो. बँकेचा किंवा पतसंस्थेचा बोजा असेल तर त्यांची एनओसी आणि नमुना ३५ हवा. विक्रीसाठी नमुना २९ आणि ३०. गाडी वारलेल्या वडिलांच्या नावावर असेल तर आधी वारसाच्या नावे नमुना ३१ ने चढवायला सांगावं, मगच पुढं बोलावं. चुलत्यांच्या सह्या नंतर गोळा करू, हे आश्वासन गावात किती टिकतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. ऑनलाइन चलनांची थकबाकी गाडीच्या नंबरवर पाहून ती विकणाऱ्याकडून भरून घ्यावी.

नुसत्या नोटरीवर गाडी फिरवणारे अजूनही आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार विकणाऱ्यानं १४ दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत नावावर करून घ्यायची. अपघात झाला तर आरसीवर ज्याचं नाव तोच मालक धरला जाईल, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं. त्यामुळे ही घाई विकणाऱ्यालाही हवी असते, तिचा उपयोग करून घ्यावा आणि शेवटचा हप्ता नाव चढेपर्यंत हातात ठेवावा. तिऱ्हाइताचा विमा गाडीबरोबर आपल्याकडे येतो, पण आपल्या गाडीच्या नुकसानीचा भाग १४ दिवसांत नावावर करून घ्यावा लागतो. विम्याचा दावा न केल्याची सवलत, म्हणजे नो क्लेम बोनस, जुन्या मालकाबरोबर जाते. 'विम्यात पन्नास टक्के सूट आहे' असं सांगून कुणी भाव वाढवत असेल तर ती सूट त्याची आहे, आपली नाही.

ठरलेल्या पैशातला दहावा भाग गाडी घरी आल्यावर लागणार, असं धरूनच बोली लावावी. आल्या आल्या इंजिन ऑइल, फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल बदलून घ्यावं, मागच्या मालकानं कालच बदललंय असं सांगितलं असलं तरी. बॅटरीवरची तारीख पाहावी, ती तीन वर्षांपलीकडची असेल तर उन्हाळा संपायची वाट पाहू नये. टायर बदलायचे तर चारही एकदम बदलावेत. आणि पोती-मोटर भरायच्या आधी हँडबुकात गाडीचं एकूण वजन आणि रिकामं वजन काढून वजाबाकी करावी. येणाऱ्या आकड्यातून सात माणसांचं वजन वजा केलं की पेंडीच्या पोत्यासाठी किती उरतं ते कळतं. बहुतेक वेळा दुसऱ्या पोत्यासाठी वेगळी फेरी करावी लागते.